माशी दिसत नाही, फवारणी चालू आहे, तरी मिरची का आखडतेय?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मिरचीची पानं आखडायला लागली, पांढरी माशी दिसली म्हणून तुम्ही दर चार-पाच दिवसांनी फवारणी सुरू केली. आता माशी फारशी दिसत नाही, पण रोज नवी झाडं आखडलेली सापडतात. औषध बोगस आहे का, आणि शेजारच्या पपईवर मोझॅकसारखे (फिकट-गडद हिरवे) डाग दिसतायत तर तिथेही हेच मारायचं का, हे तुम्हाला विचारायचंय.

औषध बोगस असेलही, पण तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. जे झाड आज आखडलेलं दिसतंय त्याला लागण आज झालेली नाही. पांढरी माशी पर्णगुच्छ (पानं आखडण्याचा रोग) या रोगाचा विषाणू झाडात सोडते, आणि तेव्हापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे आत्ता दिसणारी बरीचशी झाडं तुमच्या पहिल्या फवारणीच्या आधीच बाधित झालेली आहेत. आज शेतातली शेवटची माशी मेली तरी अजून काही दिवस नवी झाडं दिसतच राहतील. नेमक्या याच काळात धीर सुटतो आणि मग एका पंपात तीन औषधं मिसळली जातात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं वारंवार मारली की मित्रकीटक (किडी खाणारे कीटक) आधी मरतात, आणि पांढरी माशी व कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव) पुन्हा उसळतात. नंतर दोष मात्र रोगाला दिला जातो.

पण त्याआधी हा विषाणूच आहे का ते बघा. मिरचीचं पान तीन वेगळ्या कारणांनी आखडतं. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिड्यांवर (पानं खरवडून रस शोषणारे बारीक कीटक) संशय घ्या. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद होऊन देठ लांबलेला असेल तर कोळी असण्याची शक्यता जास्त. कोळी हा कीटकच नाही, त्याला आठ पाय असतात, आणि पांढऱ्या माशीची अनेक औषधं त्याच्यावर चालत नाहीत. या दोन्हींचा बंदोबस्त झाला की नवीन फूट बऱ्यापैकी सरळ येते. विषाणूत तसं होत नाही: पानं बारीक, शिरा जाड, पेरांतलं अंतर कमी, शेंडा गुच्छासारखा आणि नवी फूटही तशीच. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन शेंड्याच्या पानाची खालची बाजू बघा. अर्थात एकाच झाडावर तिन्हीही असू शकतात, त्यामुळे एका पानावरून ठरवू नका, दहा-वीस झाडं फिरून बघा.

आता पपई. तिथे हे औषध मारू नका, कारण वाहक, म्हणजे विषाणू पसरवणारा कीटक, वेगळा आहे आणि त्याची पद्धतही वेगळी आहे. पपईच्या रिंगस्पॉटचा (या डागांमागे बहुधा असणारा रोग) विषाणू मावा हा बारीक रसशोषक कीटक पसरवतो, आणि गंमत म्हणजे मावा पपईवर सहसा वस्ती करतच नाही. पंखवाला मावा उडत येतो, झाड आपल्या कामाचं आहे का हे बघायला सोंड टोचतो, आवडलं नाही की पुढच्या झाडावर जातो. विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटलेला असतो. तो घ्यायला काही सेकंद पुरतात आणि द्यायलाही तेवढेच. कीटकनाशकाला मावा मारायला जो वेळ लागतो, तेवढ्यात तो दोन-चार झाडं टोचून मोकळा होतो. काही औषधांनी तर तो जास्तच अस्वस्थ होऊन फिरतो. याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. दोन-चार टोचण्यांत सोंड साफ होते. म्हणून कडेने मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावल्या तर बाहेरून येणारा मावा आधी तिथे टोचतो आणि विषाणू तिथेच टाकून येतो. चंदेरी मल्चिंगनेही (जमिनीवर अंथरलेल्या चंदेरी प्लास्टिकनेही) मावा कमी उतरतो. बाधित पपई लवकर काढायची आणि जवळ काकडी, भोपळा असे वेल ठेवायचे नाहीत, कारण तोच विषाणू त्यांच्यातही राहतो. हवाई बेटांवर या रोगाने पपईच्या बागा इतक्या बसल्या की शेवटी १९९८ मध्ये विषाणूला दाद न देणारं जनुक-बदललेलं वाण लागवडीला द्यावं लागलं. मावा मारून हा रोग आवरला असता तर ती वेळ आली नसती.

पांढऱ्या माशीचं गणित वेगळं आहे. पर्णगुच्छाचा विषाणू तिच्या आतड्यातून रक्तात आणि तिथून लाळेत जातो. घ्यायला तिला पंधरा मिनिटं ते अर्धा तास रस शोषावा लागतो, मग काही तास थांबावं लागतं, पण त्यानंतर ती पुढे कित्येक दिवस झाडं बाधित करत राहते. वेळ लागतो म्हणून इथे औषधाचा उपयोग होतो, पण फक्त तुमच्याच शेतात वाढणाऱ्या माशीवर. बाहेरून विषाणू घेऊनच आलेली माशी मरण्याआधी काम करून जाते.

फुलकिड्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. टोमॅटोच्या स्पॉटेड विल्टसारख्या (डाग पडून झाड कोमेजणाऱ्या) रोगांचे विषाणू फुलकिड्याला फक्त लहान पिल्लावस्थेतच घेता येतात आणि पसरवतात मुख्यतः प्रौढ. म्हणजे प्रौढ फुलकिडा आजारी झाडावर कितीही बसला तरी नवा वाहक होत नाही. पिल्लं कुठल्या तणावर वाढतायत ते शोधलं तर निम्मं काम झालं. त्यांचे कोष बहुतेक जमिनीत असतात, म्हणून आच्छादनाने फरक पडतो.

एक गोष्ट अनेकांना खोटी वाटते. काकडीवर्गातल्या मोझॅकने बाधित झाड असा वास सोडतं की मावा तिकडे ओढला जातो, पण रस बेचव असल्याने लगेच उडतो. विषाणूला हवं तेच! म्हणून एक आजारी झाड 'राहू दे, चार फळं तरी मिळतील' म्हणून ठेवणं महागात पडतं.

तुमच्या शेतात आता काय करता येईल? शेकड्यात एक-दोन झाडंच बाधित असतील तर ती उपटा. उपटण्याच्या आधी त्या झाडावरची माशी मारा, सकाळी लवकर, माशी सुस्त असताना पिशवीत घालून काढा. नुसतं उपटून बांधावर टाकलं तर माश्या उठून शेजारच्या झाडांवर बसतात. निम्मं शेत बाधित असेल तर मात्र उपटण्यात अर्थ नाही, ते पीक खतपाण्यावर नेता येईल तेवढं न्या. एकाच गटाचं औषध लागोपाठ मारू नका, पांढरी माशी फार लवकर सरावते. फवारा पानांच्या खालच्या बाजूला पोचला पाहिजे, कारण अंडी आणि पिल्लं तिथेच असतात. लेबलवरचा काढणीपूर्व काळ (शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत सोडायचे दिवस) पाळा.

खरा निकाल रोपवाटिकेत लागतो. रोप लहान असताना लागण झाली तर ते झाड जवळजवळ गेलंच. फळं धरल्यावर झाली तर नुकसान बरंच कमी. म्हणून पुढच्या वेळी रोपं ४० ते ५० मेशच्या (इंचाला तेवढी छिद्रं असलेल्या) जाळीखाली वाढवा, आणि जाळीचं दार उघडं ठेवून चहाला जाऊ नका. जुनं मिरचीचं, टोमॅटोचं शेत उभं असताना त्याला लागून नवी लागवड करू नका. पिवळे चिकट सापळे माशी कधी आली हे कळायला लावा, त्यांनी माशी संपेल अशी अपेक्षा नको.

आणि सगळ्या रोगांमागे किडा शोधू नका. भुरी, तांबेरा वाऱ्याने येतात, जिवाणूजन्य करपा पावसाच्या थेंबांनी उडतो, तंबाखूचा मोझॅक हाताला आणि कात्रीला चिकटून फिरतो. पपईच्या कोवळ्या पानाचा आणि देठाचा स्पष्ट फोटो टाका, देठावर तेलकट हिरवे पट्टे असतील तर रिंगस्पॉट बहुतेक नक्की.