घासण्याआधी विचारा: घडीचे चाकू आणि मल्टिटूलबद्दल तुमचे प्रश्न

जुन्या चाकूंबद्दल जे प्रश्न येतात त्यातले बरेचसे चाकू खराब करून झाल्यावर येतात, आणि खराब करायची पद्धतही तीच, कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेली. म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्र उत्तरं देतोय. आपलाच प्रश्न आहे असं वाटलं तर हातातलं काम थांबवून आधी पूर्ण वाचा.

प्रश्न (सातारा): आजोबांचा जोसेफ रॉजर्स कंपनीचा, इंग्लंडच्या शेफिल्डचा चाकू आहे. पातं काळपट-निळसर झालंय. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून मग बफिंग करून, म्हणजे फिरत्या चाकावर चकचकीत करून घेऊ का?

नको, दोन्ही नको. काळपट-निळसर थर म्हणजे पॅटिना, जुन्या कार्बन स्टीलवर तो येतोच आणि थोडंफार संरक्षणच करतो. बोटाला लागतो तो लाल-नारिंगी थर गंजाचा, काढायचा तो फक्त तो. व्हिनेगर सांध्यात आणि स्प्रिंगखाली शिरतं, तिथून नीट धुऊन निघत नाही, आणि मग चाकू आतून गंजत बसतो. बफिंगचं तर विचारूच नका. पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टीज क्रॉस आहे का बघा, तो रॉजर्सचा शिक्का. वर मुकुट आणि व्ही आर असेल तर माल राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १९०१ च्या आधीचा, जी आर (राजा जॉर्ज) असेल तर बहुधा नंतरचा. इंग्लंड असं कोरलेलं असेल तर बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ही सगळी माहिती त्या एवढ्याशा जागेत असते आणि बफिंगचं चाक ती बघता बघता पुसून टाकतं, परत कोणी आणून देऊ शकत नाही. धारवाल्याकडेही नेऊ नका, कोरड्या चाकावर पातं तापून निळं पडलं की पात्याचं पाणी उतरलं, मग धार टिकणार नाही.

केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन मिळतं. लाल डागावर थेंब टाका, एक-दोन दिवस तसंच ठेवा, लाकडी टूथपिकने खरवडा. नाहीच निघालं तर सगळ्यात बारीक, चार शून्यांचं स्टील वूल फक्त त्या डागापुरतं, शिक्क्यापासून लांब. आणि हे करायच्या आधी जुने चाकू हाताळलेल्या एखाद्या संग्राहकाला दाखवा.

प्रश्न (चिपळूण): खोबरेल तेल चालेल का?

नाही. चिकट होतं आणि थंडीत थिजतं. वर सांगितलेलं लिक्विड पॅराफिनच वापरा.

प्रश्न (डोंबिवली): पत्र्याच्या डब्यात माझे सगळे चाकू आहेत, नियमित तेल लावतो, सिलिका जेलही ठेवलंय. तरी एकाच कोपऱ्यातले तीन-चार परत परत गंजतात. काय चुकतंय?

त्या कोपऱ्यात कचकड्याच्या मुठीचा चाकू आहे का ते आज बघा, मला तरी तीच शंका येतेय. हा विषय मी परत परत मांडतो कारण यात एका चाकूमुळे अख्खा संग्रह जातो.

कचकडं म्हणजे सेल्युलॉइड, नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून केलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासपर्यंत चाकूंच्या मुठींना ते सर्रास वापरलं, कारण त्याला कासवाच्या पाठीचं, शिंपल्याचं, हस्तिदंताचं, हवं ते रूप देता यायचं. वय झालं की ते आतून सुटायला लागतं, त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू निघतात, हवेतल्या दमटपणात त्यांचं नायट्रिक आम्ल होतं आणि ते शेजारच्या पात्यांवर बसतं. तेल त्याला पुरं पडत नाही. झाकण घट्ट लावलं की वायू आतच कोंडतो आणि कचकडं आणखी वेगाने सडतं, म्हणजे जपून ठेवतोय असं वाटून लोक नेमकं उलटं करतात.

खुणा सांगतो. मूठ पिवळट-तपकिरी होते, पृष्ठभागाखाली बारीक चौकटीचौकटींच्या भेगा दिसतात, भिंगाखाली बघितलं तर खडीसाखर फुटल्यासारखी. पितळी रिव्हेटभोवती हिरवा थर येतो. मिटलेल्या चाकूचं पातं मुठीत जिथे बसतं नेमकं तिथेच गंज असतो. डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो. नुसता कापराचा वास आला तर घाबरू नका, तो चांगल्या कचकड्यालाही असतो.

असा चाकू सापडला की तो लगेच वेगळा करा. साध्या कागदावर, हवा खेळेल अशा थंड जागी ठेवा, झिप लॉकच्या पिशवीत नाही, उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर नाही, गॅस किंवा देवघरातल्या समईजवळ तर मुळीच नाही, कारण सेल्युलॉइड झपाट्याने पेटतं. सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. बाकीचे चाकू पुसून परत तेल लावा. चामड्याच्या म्यानात ठेवले असतील तर तेही बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. भेगांत फेविक्विक किंवा वॉर्निश भरू नका, सडणं त्याने थांबत नाही, ते मागे फिरवता येतच नाही. भेगा दिसल्या तरी पावसाळा संपू दे मग बघू म्हणणारे खूप भेटतात, अहो, पावसाळाच सगळ्यात वाईट! संग्रह मोठा असेल तर वस्तुसंग्रहालयातल्या संवर्धकाचा सल्ला घ्या, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा.

प्रश्न (नागपूर): मूठ हस्तिदंताची आहे की नाही ते तापवलेली सुई टोचून कळतं म्हणतात. खरी निघाली तर विकायची आहे.

सुई खाली ठेवा. मूठ कचकड्याची निघाली तर हातात पेटेल. मुठीच्या टोकाला, आडव्या कापावर भिंगाने बघा, हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषा दिसतात, कचकड्यात सरळ समांतर. आणि खरी निघाली तर विकता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे. सांबरशिंगाच्या मुठीलाही तोच कायदा. शेफिल्डवाल्यांनी आपल्याकडचं सांबरशिंग भरपूर वापरलं, त्यामुळे घरोघरीच्या जुन्या चाकूंत हे निघतं. 'अँटिक आहे, चालतं' असं सांगणाऱ्या दलालाचं ऐकू नका, वनविभागात चौकशी करा.

प्रश्न (पुणे): स्विस नाइफ घेतला, पण त्यावर व्हिक्टोरिनॉक्सऐवजी वेंगर लिहिलंय. फसलो का?

नुसत्या नावावरून नाही. वेंगर ही डेलेमाँची खरी स्विस कंपनी, सैन्याला तीही चाकू द्यायची, २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने विकत घेतली. फसवणूक होते ती 'एक्सपोर्ट सरप्लस' म्हणून फुटपाथवर. पात्याच्या बुडाशी छाप स्वच्छ आहे का, अवजारं नीट खटकन बसतात का, मिटल्यावर आत एकमेकांवर घासतात का, हे बघा. शंका असेल तर अधिकृत दुकानात दाखवा, विकत घ्यायच्या आधी.

प्रश्न (अलिबाग): लेदरमन (पक्कड, चाकू वगैरे एकत्र असलेला मल्टिटूल) समुद्रात पडला, काढला, आता आठवड्याने पक्कड उघडत नाही. स्क्रू खोलू का?

आठवडा कशाला थांबलात? खारं पाणी स्टेनलेसलाही खातं, त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुवायला हवा होता. आता कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा, हळूहळू उघडमीट करा, जुन्या टूथब्रशने सांधे घासा, पूर्ण वाळवा, मग तेलाचा थेंब. जोर लावू नका, हातोडी नको. स्क्रू खोलायच्या आधी कंपनीला विचारा, २५ वर्षांची गॅरंटी असते, ती घालवू नका.

प्रश्न (सोलापूर): वडिलांचा रामपुरी आहे. घरात ठेवला तर चालतो का? जत्रेत प्रदर्शनाला न्यायचा विचार आहे.

आधी पट्टीने मोजा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद, आणि घरगुती, शेती, औद्योगिक कामाचं नसलेलं पातं शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं. मोठे रामपुरी त्यात सहज बसतात. 'म्यानात असला की चालतो', 'धार नसली की चालतो' हे सगळं ऐकीव आहे. शिवाय सण-जत्रांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकू जवळ बाळगण्यावरच बंदी असते, तेव्हा पातं छोटं आहे म्हणून सुटका नाही. जत्रेत नेऊ नका. वकिलाला विचारा, पोलीस ठाण्यात लेखी चौकशी करा, तोवर कुलूपबंद ठेवा.

प्रश्न (झुरिकहून परतताना): सहा सेंटीमीटरपेक्षा लहान पातं हँडबॅगेत चालतं ना?

युरोपच्या नियमात हो, पण वाटेतल्या विमानतळावर किंवा भारतात परत तपासणी झाली तर तिथेच काढून घेतील. चेक-इन बॅगेत टाका, आणि निघण्याआधी एअरलाइनला विचारा.