ट्रॅकवर न्यायच्या बीएमडब्ल्यू एम२ ला १९ इंचाच्याच रिम ठेवाव्यात, की १८ किंवा २० घालाव्यात?

तुमचा प्रश्न असा की हातात जुन्या पिढीची एम२ आहे, कंपनीचे टायर पुढे २४५/३५ आर१९ आणि मागे २६५/३५ आर१९ (२४५ म्हणजे रुंदी मिमीत, ३५ म्हणजे साइडवॉल, टायरची उभी बाजू, रुंदीच्या किती टक्के, आर१९ म्हणजे १९ इंची रिम), वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅकवर न्यायची, बाकीचे दिवस गोव्यातच फिरवायची, दुकानदार म्हणतो २० च्या रिम घाला आणि मित्र म्हणतो १८ वर चारही २६५ घाला. मित्राचं ऐका. पण पैसे द्यायच्या आधी ब्रेकची डिस्क मोजा, ते का ते खाली सांगतो.

मी म्हापशाचा, माझी गाडी स्कोडा ऑक्टेविया आरएस, म्हणजे तिला स्पोर्ट्स कार म्हणायला जरा जीभ अडखळते, पण तीच घेऊन मद्रासच्या ट्रॅकवर आणि कोइमतूरच्या करी ट्रॅकला बरेचदा गेलोय आणि रिमच्या बाबतीत जे काय शिकलो ते खिशातले पैसे घालवूनच शिकलो. माझ्या गाडीला १७ च्या रिमवर २२५/४५ होते. मला मागून गाडी भरलेली दिसायला हवी होती (हो, खरं कारण तेच, ग्रिप वगैरे नंतर सुचलेलं), म्हणून १८ ची साडेआठ इंच रुंद रिम घेतली, ऑफसेट ३५, वर २४५/४० आर१८. दुकानात लिफ्टवर असताना बसली, फोटो काढले, आणि घरी येताना पहिल्याच गतिरोधकावर मागे चर्रर्र आवाज.

गणित नंतर केलं, आधी करायला हवं होतं. रिमची रुंदी मोजून तिची मधली रेष काढा, हबला, म्हणजे चाक जिथे बोल्टने बसतं त्या भागाला, टेकणारी जागा त्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला जितके मिमी तो ऑफसेट, त्यालाच ईटी म्हणतात, आणि तो आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. माझी मूळ रिम साडेसात इंच, ऑफसेट ५० धरा. एक इंच रुंदी वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी, त्यात ऑफसेटचे १५ मिमी, म्हणजे बाहेरची कड जवळजवळ २८ मिमी बाहेर आली. वर २२५/४५ आर१७ चा व्यास ६३४ मिमी आणि २४५/४० आर१८ चा ६५३, म्हणजे चाक तीन टक्के मोठं, गिअरिंग तेवढंच लांब, पिकअप मेला. शेवटी ते सगळं विकून १७ ची आठ इंची रिम घेतली, ईटी ४५, वर २३५/४५. बाहेर ११ मिमी, आत जेमतेम एक मिमी, कुठे घासत नाही, आणि करीला गाडी आधीपेक्षा बरी वळते.

आता तुमची गाडी. व्यास काढायची रीत सोपी आहे, रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे साइडवॉल, ती दुप्पट करा आणि रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. तुमचा पुढचा टायर येतो ६५४ मिमी, मागचा ६६८, आणि २६५/३५ आर१८ येतो ६४३. म्हणजे पुढे पावणेदोन टक्के कमी, मागे जवळजवळ चार टक्के कमी. साइडवॉल मागे तेवढीच राहते, ९३ मिमी, पण गाडी मागे १३ मिमी खाली बसते आणि पुढे सहाच, म्हणजे उभं राहणं बदलतं. गिअरिंग आखूड होईल, ट्रॅकवर ते आवडेल, हायवेवर इंजिन जरा जास्त फिरेल आणि स्पीडोमीटर थोडा फुगवून दाखवेल. कंपनीने पुढच्या-मागच्या व्यासात १४ मिमीचा फरक ठेवलाय तो शून्य होतो, चाकांच्या वेगावर चालणारी स्टॅबिलिटी सिस्टिम त्यावर कुरकुर करते का ते आधी मोकळ्या रस्त्यावर सावकाश बघा, थेट ट्रॅकवर नको. २७५/३५ आर१८ घेतला तर व्यास ६५० होतो, मागचा फरक पावणेतीनवर येतो, पण पुढे बसवायला जास्त मारामारी.

रिम साडेनऊ इंची घ्या, २६५ ला तीच बरोबर आहे, नऊवर बसतो पण टायरचे खांदे, म्हणजे कडा, आत दबतात. ऑफसेट २२ च्या घरात धरला तर पुढे, जिथे तुमची मूळ रिम नऊची आणि ईटी २९ आहे, आतली कड होती तिथेच राहते, बाहेरची १३ मिमी बाहेर येते. मागे मूळ रिम १० ची, ईटी ४०, तिथे १२ मिमी बाहेर. हे आकडे कागदावरचे, चाकावरच्या कमानीत बोट घालून जागा मोजा, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून, स्प्रिंग दबलेली असताना मोजा, लिफ्टवर लटकलेल्या चाकावर विश्वास ठेवू नका. आणखी एक, सेकंड हॅंड रिम बघत असाल तर तुमची गाडी ५×१२० ची आहे, म्हणजे पाच बोल्ट १२० मिमीच्या वर्तुळावर, मधलं भोक ७२.६, नवीन पिढीच्या एम२ चं ५×११२ आहे, ती रिम कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

डिस्कचं म्हणाल तर तुमची एम२ कॉम्पिटिशन व्हेरियंट असेल आणि त्यात ऑप्शनचे मोठे ब्रेक घेतले असतील तर पुढे ४०० मिमीची डिस्क असते, मग १८ चा नाद सोडा, १९ वरच राहा. साध्या ३८० मिमीच्या डिस्कवर १८ बसतं, पण सगळ्या डिझाइन बसत नाहीत, काहींचे आरे कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला, टेकतात. कॅलिपरचा आकार पुठ्ठ्यावर कापून रिममध्ये फिरवून बघायचा, माझ्या गॅरेजवाल्याने हे दहा मिनिटांत केलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान आहे.

२० बद्दल थोडक्यात, नको. रिम जड, साइडवॉल बारीक, आणि सगळं वजन हबपासून लांब गेल्यामुळे ब्रेक लावतानाही ते फिरणं थांबवायला जोर लागतो. अनमोड घाट चढून रामनगरकडे जाताना मी १८ वाली रिम एका खड्ड्यात वाकवलीये, २० वर ३० ची साइडवॉल घेऊन तिथून जायचा विचारही करवत नाही. आणि मद्रासच्या ट्रॅकवर जायचं तर बहुतेक तिथूनच किंवा चोर्ला घाटातून जायचं, पुढे हुबळी, बंगळूर, मग एनएच ४८ ने थेट इरुंगाट्टुकोट्टाई, तिथेच तो ट्रॅक, नऊशेच्या आसपास किलोमीटर, तेही त्याच चाकांवर. ट्रेलर असेल तर वेगळी गोष्ट.

पण खरं सांगायचं तर साइजच्या आधी टायर ठरवा. लोक उलटं करतात, रिम घेतात आणि मग त्या साइजमध्ये चांगला टायर इथे मिळतच नाही. जून २०२० पासून नवीन टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसणारी यादी इथे कामाची नाही. डीलरला विचारा, २६५/३५ आर१८ मध्ये ट्रॅकला चालेल असा कुठला टायर आत्ता हातात आहे आणि वर्षभराने दुसरा सेट मिळेल का. साइडवॉलवर चार आकडे असतात, २२२३ म्हणजे २०२३ चा २२ वा आठवडा, कधीकाळी कुणीतरी मागवून पडून राहिलेला माल गळ्यात मारतात, रबर कडक झालेलं असतं. चांगल्या रबराचा २४५ साध्या २६५ पेक्षा जास्त धरतो, रुंदीने जमिनीवरचा ठसा काय फार मोठा होत नाही, तो मुख्यतः वजन आणि हवेवर ठरतो, फक्त आखूड आणि रुंद होतो. त्याने वळताना फायदा होतो, उष्णताही पसरते, हे खरं, पण पावसात तोच रुंद टायर पाण्यावर तरंगायला लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं ते सांगायला नको, म्हणून कंपनीच्या १९ च्या रिम साध्या टायरसकट ठेवून द्या, विकू नका. समुद्राजवळ राहत असाल तर ठेवायच्या आधी धुवा, खाऱ्या हवेने रिमच्या कडेला पांढरा गंज धरतो आणि मग हवा हळूहळू जाते, कारण सापडत नाही.

चारही सारखे टायर घेतल्याचा मोठा फायदा म्हणजे पुढचे मागे टाकता येतात, ट्रॅकवर पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे आधी जातात. आणि कंपनीने पुढे बारीक टायर देऊन गाडी मुद्दाम जरा नाकाने बाहेर जाणारी ठेवलेली असते, ती सवय जाईल, म्हणजे शेपूट आधीपेक्षा लवकर हलेल, पहिल्या सेशनला सांभाळा. खांदे वाचवायचे असतील तर पुढे कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, उणे अडीच अंशांच्या आसपास लागेल, मूळ सेटिंगमध्ये तेवढा मिळत नाही, कॅम्बर प्लेट घ्याव्या लागतील, आणि माझं विचाराल तर बजेट एकाच गोष्टीचं असेल तर रिम नंतर, प्लेट आधी.

टायर थंड असताना हवा २८-३० पीएसआयपासून सुरू करा, सेशन संपल्या संपल्या मोजा, तापमान दर सहा अंश सेल्सियसने चढलं की एक पीएसआय वाढते त्यामुळे ३८ च्या वर गेली असेल तर काढा, आणि घरी निघताना परत भरा, हे मी एकदा विसरलो होतो आणि वेल्लोरपर्यंत गाडी का डुलतेय ते कळत नव्हतं. चाकाचे बोल्ट १४० न्यूटन मीटरला आवळा, चाक गार झाल्यावर परत तपासा. मधलं भोक मोठं असलेली रिम घेतली तर ती जागा भरणारी रिंग अॅल्युमिनियमची घ्या, प्लॅस्टिकची ट्रॅकच्या गरमीत वितळते.

डिस्क मोजली की आकडा इथे टाका, आणि पुढच्या कमानीत बोट किती जातं तेही, ऑफसेट मी बसून काढून देतो.