पैसे बुडाले म्हणून व्हिडिओ तुमचा होत नाही

अशा पत्रांची माझ्याकडे आता थप्पी झाली आहे. कुणी लग्नाची फिल्म करून दिलेली असते, कुणी नाटकाचं पोस्टर, कुणी मंडळाच्या आरतीचा व्हिडिओ. शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं: "मॅडम, पैसे देत नाहीत, तर निदान माझं काम तरी खाली उतरवायला लावता येईल का?"

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय, एका चित्रकार-डिझायनर वाचकाचं. कॉलेजपासून ओळखीच्या पाच मुलांच्या बँडसाठी त्यांनी पाच पोस्टरं, अल्बमचं कव्हर आणि साडेचार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ केला. चित्रांचे ३० हजार आणि व्हिडिओचे ६० हजार, असे ९० हजार ठरले. मिळाले ३०. पोस्टरं आणि कव्हर देऊन २ वर्षं ११ महिने झाले, व्हिडिओ देऊन २ वर्षं ८ महिने. मधल्या काळात बँडला एका संगीत कंपनीने घेतलं, व्हिडिओ कंपनीच्या चॅनेलवर गेला, त्यातून यांचं नाव गळलं आणि पोस्टरवरचं चित्र टी-शर्टांवर छापून विकायला आलं. करार नाही. ओपन फाइली, म्हणजे ज्यांत बदल करता येतात त्या मूळ फाइली, पहिल्याच मागणीला देऊन टाकलेल्या. प्रश्न असा: पूर्ण पैसे मिळालेले नाहीत, म्हणजे व्हिडिओ माझाच ना? यूट्यूबवर कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे व्हिडिओ उतरवायला लावणारी तक्रार, टाकू का?

नाही. आणि नका टाकू.

तुमचं सगळं प्रकरण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ वर, त्यातही त्याच्या (बी) खंडावर येऊन अडतं. कृती ज्याने घडवली तो तिचा पहिला मालक, हा मूळ नियम सगळ्यांना पाठ असतो. त्याखालचे अपवाद कुणी वाचत नाही. (बी) म्हणतो: मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, रंगवलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र, कोरीवकाम किंवा चित्रपट यांचा पहिला मालक म्हणजे ज्याच्या सांगण्यावरून काम झालं तो. उलट काही ठरलं नसेल तर. कायद्याच्या भाषेत म्युझिक व्हिडिओ हासुद्धा 'चित्रपट'च. म्हणजे व्हिडिओ घडला त्याच क्षणी तो बँडचा झाला. तुम्ही तो लिहून द्यायची गरजच पडली नाही, कारण लिहून द्यायला तो तुमच्याकडे कधी नव्हताच.

"पण मोबदला कुठे मिळाला?" हे तुम्ही पत्रात तीनदा विचारलंय. मोबदला म्हणजे हातात पडलेले पैसेच असं नाही. १८७२ चा करार कायदा पैसे देण्याच्या वचनालाही मोबदला मानतो. त्यांनी ६० हजार कबूल केले, तिथे (बी) खंडाची अट पुरी झाली. वचन मोडलं म्हणून तुम्ही त्यांचे सावकार झालात, व्हिडिओचे मालक नाही.

आता तो मेसेज, जो तुम्ही गायकाला पाठवला आणि मला मोठ्या आशेने दाखवलात: "पैशाचं नंतर बघू रे, आधी गाणं मोठं होऊ दे." याच्या आधारे व्हिडिओ दोस्तीखात्यात केला, मोबदला नव्हताच, सबब (बी) लागू नाही, असं मांडता येईल का? कागदावर येईल. मग तुमच्याच बिलाचं काय करायचं? त्यावर "म्युझिक व्हिडिओ, ६०,०००" असं स्वच्छ लिहिलंय आणि त्याच बिलापोटी तुम्ही यूपीआयने पैसे घेतलेत. फुकट केला म्हणाल तर व्हिडिओ कदाचित वाचेल, पण पैसे मागायला तोंड राहणार नाही. पैसे मागाल तर व्हिडिओ त्यांचा. दोन्ही हातांत लाडू हे कलम देत नाही, आणि बिल फाडून तुम्ही कधीच निवड करून बसला आहात. तेव्हा पैसे मागा.

खरं तर दर कळवताना एक ओळ पुरली असती: "संपूर्ण रक्कम मिळेपर्यंत व्हिडिओ, चित्रं आणि ओपन फाइली यांतले सर्व हक्क माझ्याकडे राहतील." पलीकडून "ओके" आलं असतं तर 'उलट काही ठरलं नसेल तर' ही अट तुमच्या बाजूने फिरली असती. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. स्टुडिओची वेळ, कॅमेऱ्याची लेन्स, बिर्याणी कुठून मागवायची यावर तुमचे दोनशे मेसेज आहेत. ही एक ओळ नाही.

पोस्टरांची गोष्ट वेगळी, आणि इथे तुम्हाला थोडं बळ आहे. (बी) मधली यादी पुन्हा वाचा. फोटो आहे, रंगचित्र आहे, व्यक्तिचित्र आहे. संगणकावर रचलेली अक्षरं, रेषांची मांडणी, पोस्टरचं डिझाइन यांचा तिथे उल्लेख नाही. म्हणून त्या पाच पोस्टरांचा कॉपीराइट तुमचाच आहे असं मी ठामपणे मांडेन. समोरचा वकील 'रंगचित्र' हा शब्द ताणून पाहील; ताणू दे. कॉपीराइट दुसऱ्याला जायचा तर कलम १९ नुसार लेखी आणि तुमच्या सहीचा कागद लागतो, परवान्यालासुद्धा कलम ३० लेखी मागतं. ओपन फाइल दिली म्हणजे हक्क दिला असं होत नाही. मात्र दौऱ्याच्या जाहिरातीसाठी पोस्टर वापरायला तुमची मूक संमती होती, असं कोर्ट सहज म्हणेल. टी-शर्टांना ती होती, असं म्हणणं त्यांना जड जाईल.

कव्हर मात्र तुम्ही जलरंगात रंगवून स्कॅन केलंत. म्हणजे सरळसरळ रंगचित्र, म्हणजे पुन्हा (बी), म्हणजे बहुधा बँडचं. माऊसने काढलेलं तुमचं आणि कुंचल्याने काढलेलं त्यांचं, हा न्याय मला तरी अजब वाटतो. पण कायदा १९५७ चा आहे आणि ही शब्दांची यादी तेव्हापासून कुणी झाडून-पुसून घेतलेली नाही.

टी-शर्टांबाबत एक सावधगिरी. कलम १५ म्हणतं की डिझाइन कायद्याखाली नोंदता येण्याजोगं, पण न नोंदलेलं डिझाइन मालकाकडून किंवा त्याच्या परवानगीने एखाद्या वस्तूवर यांत्रिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा उमटलं की त्यातला कॉपीराइट संपतो. समोरून हा मुद्दा येणारच. माझ्या मते मूळ चित्र पोस्टरसाठी काढलेलं, स्वतंत्र कलाकृती म्हणून उभं राहणारं आहे, तेव्हा त्याचा कॉपीराइट टी-शर्ट छापल्याने बुडू नये. पण या सीमारेषेवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणं गेली आहेत. माझ्या मताला हमी समजू नका.

व्हिडिओतल्या चाळीस सेकंदांच्या हाताने काढलेल्या ॲनिमेशनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १७ ला एक पुरवणी जोडली. चित्रपटात सामावलेल्या मूळ साहित्य-संगीत-कलाकृतींच्या कर्त्याचा हक्क (बी) आणि (सी) या खंडांनी बाधित होणार नाही, असं ती म्हणते. १९७७ च्या एका निकालाने सिनेमातल्या गाण्यांचे हक्क निर्मात्यांचे ठरवून गीतकार-संगीतकारांना निर्मात्यांपुढे हात चोळत बसवलं होतं. जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी संसदेत आणि बाहेर झगडून कायदा बदलून घेतला, त्यातलं हे फळ. तुमची मूळ रेखाटनं या छत्रीखाली येतात असं वाचता येतं. वाटाघाटीत हा मुद्दा जरूर वापरा, पण त्याच्या एकट्याच्या जिवावर दावा लावायला मी सांगणार नाही.

नाव गळल्याचं दुःख मला समजतं. कलम ५७ कलाकाराला स्वतःचं कर्तेपण सांगण्याचा हक्क देतं, आणि तो हक्क मालकी गेल्यावरही उरतो. पोस्टरांसाठी तो तुम्हाला आहे, कव्हरसाठीसुद्धा आहे. व्हिडिओचं अवघड, कारण आपल्या कायद्यात चित्रपटाचा कर्ता दिग्दर्शक नसून निर्माता असतो, म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. कॅमेरा-लाइट तुम्ही भाड्याने आणलेत, म्हणून निर्माती मीच असं म्हणता येईल. खर्च आमच्या माथी होता, असं तेही म्हणतील. आणि या हक्कासाठी कोर्टात किती थांबावं लागतं तेही ऐका. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवलं. ते १९९२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. निकाल लागला २००५ मध्ये: शिल्पाचे उरलेले अवशेष परत आणि ५ लाख रुपये भरपाई. हा जिंकलेल्या माणसाचा हिशेब आहे.

स्ट्राइक का नको, तेही सांगते. कलम ५२ आणि २०१३ चे नियम यांनुसार तुमची लेखी तक्रार आली की यूट्यूबसारख्या मंचाने खात्री पटल्यास ३६ तासांत मजकूर थांबवायचा असतो, पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा हुकूम आणला नाहीत तर तो पुन्हा चढवता येतो. २१ दिवसांत हुकूम? शिवाजीनगरच्या कोर्टात २१ दिवसांत पुढची तारीख मिळाली तरी देव पावला. शिवाय ज्यात तुमचा हक्क नाही त्यावर हक्क सांगून धमकावलंत, तर कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो. कंपनीकडे पगारी वकील आहेत, त्यांना अशी संधी आयती देऊ नका.

मग राहिले ६० हजार. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत कायद्याने काम पूर्ण झाल्यापासून ३ वर्षं दिली आहेत. सगळं मिळून एकच काम होतं, म्हणून मुदत व्हिडिओपासून मोजावी, असं तुम्ही म्हणू शकाल. पण पोस्टरांचं बिल तुम्ही वेगळं फाडलंत, त्यामुळे त्याची मुदत महिन्याभरात संपते असंच धरून चला. नोटीस पाठवली की मुदत थांबते हा गैरसमज आहे. गायकाच्या "देतो गं ताई, या महिन्यात नक्की" या मेसेजवर विसंबू नका. मुदत वाढायची तर ती संपण्याआधी देणेकऱ्याची सहीनिशी लेखी कबुली लागते, आणि व्हॉट्सॲपवरच्या ओळीला सही मानायची की नाही, हे ज्याच्या-त्याच्या कोर्टावर आहे. यूपीआयने आलेल्या पैशांनीही आपोआप मुदत वाढली असं समजू नका. तिथेही पैसे देणाऱ्याच्या हातचं किंवा सहीचं लिखाण लागतं.

म्हणून आजच, चहा घेण्याआधी, गायकाला ईमेल करा. भांडण नको, स्ट्राइकचा उल्लेख नको. "हिशेब बंद करायचाय, ६० हजार बाकी आहेत, बिलाखाली सही करून फोटो आणि मूळ कागद पाठव, हप्त्याने दिलेस तरी चालेल." पोरं ओळखीची आहेत, कंपनीसमोर त्यांना लफडं नकोय, सही करतीलही. सही आली तर नवी ३ वर्षं मिळाली. आठ दिवसांत नाही आली तर दावा लावा, आणि तो बँडच्या नावाने नको. पाचही जणांच्या नावाने लावा, त्यात बंगळूरला निघून गेलेला ड्रमरही आला. बँडसारखी नोंदणी नसलेली भागीदारी स्वतः दावा लावताना अडते, तिच्यावर दावा लावायला मात्र आडकाठी नाही.

वकिलाच्या फीची चिंता लिहिलीत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीचाही पर्याय ते देतील. तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं, वर अपील नाही. पण दावा न लावता नुसत्या त्या तारखांवर महिना घालवू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, कामाच्या आधी केली असतीत, तर कायद्याने घातलेली मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता आलं असतं. ती नोंदणी फुकट होते. आता या कामासाठी तिचा उपयोग होईल असं मला वाटत नाही, पुढच्यासाठी करून ठेवा.

पोस्टरं आणि टी-शर्ट यांची नोटीस वेगळी काढू. ती बँडला आणि कंपनीला, दोघांना जाईल, आणि त्यात व्हिडिओचा चकार शब्द नसेल. कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो, कंपनीच्या मागे मुंबईला धावायला नको. पोस्टरांच्या मूळ फाइली, त्यांच्या तारखांसकट, आहे तशाच ठेवा. उघडून 'सेव्ह' करत बसू नका.

आणि फोन. नवा घेतलाय, जुन्यातले फक्त स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, असं लिहिलंत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात यंत्राचा तपशील आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे ताडून पाहायची खूण, असते. स्क्रीनशॉटवर आक्षेप आला तर मूळ संभाषण त्या जुन्या फोनमध्येच सापडणार आहे. तो कपाटात आहे म्हणता, तर एक्स्चेंजमध्ये देऊ नका.