'गॅसलाइटिंग'ला मराठीत काय म्हणावं?

सतत खोटं बोलून एखाद्याला स्वतःच्याच डोक्याबद्दल शंका घ्यायला लावणं, म्हणजे 'गॅसलाइटिंग'. त्यासाठी 'बुद्धिभेद' चालेल का, असा प्रश्न आहे. मला नाही पटत. बुद्धिभेद मतांचा होतो. पुढारी जनतेचा करतात तो. इथे घाला पडतो तो आपल्याच डोळ्या-कानांवरच्या विश्वासावर.

शब्दाचं मूळ पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकात असलं, तरी तो घरोघरी पोचला जॉर्ज क्युकरच्या १९४४ च्या 'गॅसलाइट' सिनेमामुळे. गॅसबत्ती म्हटलं की आपल्याला वरातीत डोक्यावर धरलेली, रॉकेलवर चालणारी बत्ती आठवते. ती नव्हे. लंडनच्या जुन्या घरांत भिंतीवरच्या दिव्यांना नळीतून गॅस यायचा. एकीकडे दिवा लावला की दुसरीकडची ज्योत उतरायची. सिनेमात पॉलाचा (इन्ग्रिड बर्गमन, पहिलं ऑस्कर याच भूमिकेसाठी) नवरा बाहेर जातो म्हणून निघतो आणि चोरून माळ्यावर तिच्या खून झालेल्या मावशीचे दागिने शोधतो. तो वर दिवा लावतो, खाली तिच्या खोलीत उजेड मंदावतो.

गंमत पुढेच आहे. तिला दिलेला ब्रोच तोच लांबवतो आणि 'तूच हरवलास' म्हणतो. भिंतीवरची तसबीर तोच काढून ठेवतो. दिव्याचं मात्र तो मुद्दाम करत नाही! उलट त्या दिव्यानेच त्याचं बिंग फुटतं. ज्योत उतरताना डिटेक्टिव्हलाही दिसते, तेव्हा कुठे पॉलाला कळतं की आपलं डोकं ठिकाणावर आहे. म्हणजे लबाडीला नाव मिळालं ते घरातल्या एकमेव खऱ्या साक्षीदाराचं.

आपल्याकडे ही गोष्ट लहानपणीच ऐकलेली असते. खांद्यावर बोकड घेऊन निघालेला ब्राह्मण आणि 'भटजी, कुत्रं कुठे नेताय?' विचारणारे तीन ठग. तिसऱ्या ठगानंतर तो बोकड टाकून पळतो. फरक इतकाच, की ते ठग परके होते.

बोलण्यात 'वेड्यात काढणे' सगळ्यांत जवळचं. पण 'मला वेड्यात काढतोस काय?' हे आपण भाजीवाल्यालाही म्हणतो. ते एका वेळेपुरतं. गॅसलाइटिंग थेंबाथेंबाने चालतं: 'तुला भास झाला', 'मी असं म्हणालोच नव्हतो', 'हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही'. हा सावकाशपणा मराठीत संयुक्त क्रियापदाने छान येतो. 'त्याने तिला वेडी ठरवत आणलं.' त्या 'आणलं'मध्ये महिनोन्‌महिने मावतात. नामच हवं असेल, तर खुशाल 'गॅसलाइटिंग' लिहा. 'भ्रमनिर्मिती' वगैरे नको, ते जादूच्या प्रयोगाचं वाटतं.