सोयरिकीत निघालेला मोतीबिंदू

(यवतमाळ जिल्ह्यातून आलेलं पत्र, थोडक्यात: आजी, माय, मावशी, तिघींचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन साठीनंतर झालं. मी ४३ वर्षांची, सुईत दोरा ओवताना आता धूसर दिसते. मुलीला पाहायला आलेले पाहुणे म्हणाले, "घराण्यात डोळ्यांचा रोग आहे." भाचा म्हणतो जनुकांची तपासणी करा. करू का?)

ताई, तपासणीवर पैसे घालू नका. तिच्या निकालानं तुमचे उपचार बदलणार नाहीत.

पाहायचं ते वय. डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं जन्माआधीच तयार होतात, पुन्हा बदलली जात नाहीत. वर्षानुवर्षं बिघडत जाऊन ती एकमेकांना चिकटतात, आणि भिंग गढूळ होतं. त्यांच्या जनुकातच मोठा दोष असला, तर मोतीबिंदू बहुधा जन्मतः किंवा लहानपणीच दिसतो, आणि तो दोष अनेकदा निम्म्या शक्यतेनं मुलांकडे जातो. तुमच्याकडे तिघींनाही साठीनंतर झाला. म्हातारपणीच्या मोतीबिंदूत ईपीएचए२सारखी जनुकं थोडाथोडा हातभार लावतात, ठरवत नाहीत. साठीपुढं मोतीबिंदू कुणाच्या घरात नाही, हे पाहुण्यांनाच विचारा!

सुईचा त्रास बहुतेक चाळिशीचा असेल, चष्म्यानं भागेल. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करणारे थेंब टाकून भिंग तपासून घ्या. नंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवायला सोबत माणूस न्या. साखरही बघा, उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासा. साखर वाढलेली राहिली, तर मोतीबिंदू लवकर येतो.

शेतात रुंद काठाची टोपी आणि यूव्ही-४०० (उन्हातले अतिनील किरण अडवणारा) गॉगल वापरा. नुसती काळी काच उपयोगाची नाही. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका, त्यात स्टिरॉइड असू शकतं, आणि ते सतत पोटात गेलं की भिंगाच्या मागच्या बाजूला डाग धरतो. घरात बिडी ओढत असतील, तर तेही थांबवा. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब अजून निघालेले नाहीत. "पिकू दे" म्हणून ऑपरेशन लांबवू नका. फार पिकलेलं भिंग फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाब वाढवतं, आणि गेलेली नजर परत येत नाही.

मुलीसाठी काही करायची गरज नाही. तुमची तपासणी मात्र कापूस वेचणीआधी उरका, पुढं सवड व्हायची नाही.