ड्रॉपबार सायकलला एसटीआय घ्यावा की बार-एंड? वायर फ्रेमच्या आतून की बाहेरून?

तुम्ही लिहिलंय की बेळगावात राहता, जुन्या स्टील फ्रेमवर ड्रॉपबार (खाली वळलेलं हँडल) चढवताय, मागं ८ स्पीड कॅसेट (चक्र्यांचा गठ्ठा) आहे, आणि पावसाळ्यातही चालवायची आहे. बार-एंड घ्या, म्हणजे हँडलच्या टोकाला बसणारा गिअरचा लिव्हर; एसटीआय म्हणजे ब्रेकच्या लिव्हरमध्येच असलेला गिअर. वायर बाहेरून न्या. बहुतेक जण तुम्हाला याच्या उलट सांगतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या ग्रुपमध्ये एक मित्र आहे. चालवतो उत्तम, घाटात मला कधी सापडत नाही. त्याचं वर्षानुवर्षं एकच पालुपद: "बार-एंड म्हणजे रिटायर झालेल्यांचं काम की रे. ब्रेकवरचा हात काढून गिअर टाकायचा, हे कुठल्या जमान्यातलं?" शिमॅनोचा एसटीआय १९९० मध्ये आला, कँपाग्नोलोचा तसाच एर्गोपॉवर १९९२ मध्ये, आणि रेसमधून बाकी सगळं हद्दपार झालं, हे मान्य. पण रेसवाल्याच्या मागून गाडीत मेकॅनिक येत असतो. जांबोटीच्या पुढं आपल्या मागून फक्त गोव्याला जाणारे ट्रक येतात.

त्या जांबोटी रस्त्यावरच, ऐन आषाढात, आम्ही चोर्ल्यापर्यंत जाऊन परत यायला निघालो होतो. त्याची कार्बन फ्रेम, ११ स्पीडचा मेकॅनिकल एसटीआय, गिअरच्या वायरी हँडलच्या टेपखालून जाऊन पुढं फ्रेमच्या पोटात. जांबोटी सुटल्यापासून तो म्हणत होता, मोठ्या चक्रीवर चेन चढायला वेळ घेतेय. मी म्हटलं, लिव्हरच्या आत वायरीच्या तारा तुटायला लागल्यात, मागं फिरूया. "चिखल बसलाय रे, दुसरं काय नाही." कणकुंबीच्या अलीकडच्या चढाला त्यानं गिअर टाकला आणि लिव्हर नुसताच हलला. चेन थेट सगळ्यात लहान चक्रीवर जाऊन बसली.

मलप्रभा जिथं उगम पावते तिथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. एका बंद टपरीच्या पत्र्याखाली आम्ही सायकल उलटी केली. वायर लिव्हरच्या आत, टोकाच्या बोंडाजवळ तुटलेली. माझ्या सायकलला असं झालं असतं तर डाऊनट्यूबवरची (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरची) उघडी वायर हातानं ओढून, चेन मधल्या चक्रीवर आणून, बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूखाली ती आवळून टाकली असती. निदान एक बरा गिअर मिळतो. त्याची वायर फ्रेमच्या आत, धरायची कुठं? शेवटी डिरेलरचा, म्हणजे चेन चक्र्यांवर सरकवणाऱ्या भागाचा, लहान चक्रीकडचा लिमिट स्क्रू जाईल तितका आत फिरवला, तेव्हा कुठं चेन दोन चक्र्या वर सरकून थांबली. परतीच्या चढांना तो उतरून चालला आणि मी त्याच्यासोबत भिजत थांबलो. पुढं दुकानात ते तुटलेलं बोंड आणि अडकलेल्या तारा चिमट्यानं काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि नवी वायर फ्रेममधून ओवण्यात दुसरी.

तो अजून म्हणतो, वायर लोकल होती. नव्हती. टेपखालून वायर जाणाऱ्या या लिव्हरमध्ये ती छोट्या गोलाईवर घट्ट वळते आणि बाहेर पडताच पुन्हा वळते. प्रत्येक गिअरला तीच जागा वाकते, एकेक तार तुटत जाते. कंपनीची भारीतली वायर घातली तरी हेच होणार, थोडं उशिरा. तो आता दर पावसाळ्याआधी न चुकता वायर बदलतो. म्हणजे दोष कुठं आहे हे त्यालाही पटलंय, तोंडानं म्हणत नाही इतकंच.

बार-एंडमध्ये वायर मोठ्या गोलाईवरून जाते आणि बोंड डोळ्यांना दिसतं. शिवाय शिमॅनोच्या ८ आणि ९ स्पीडच्या बार-एंडला इंडेक्स (प्रत्येक गिअरला टिक करून थांबणं) बंद करून फ्रिक्शनवर (लिव्हर मधे कुठंही थांबवता येईल असं) टाकायची सोय आहे. एकदा खानापूरजवळ पडून माझा डिरेलर हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) वाकला, एकही गिअर जागेवर बसेना. फ्रिक्शनवर टाकलं आणि कानानं अंदाज घेत घरी आलो.

आता तुमच्या फ्रेमचं. वायर बाहेरून, आणि शक्य असेल तर शिफ्टरपासून मागच्या डिरेलरपर्यंत अखंड आऊटरमधून (वायरीवरच्या बाहेरच्या नळीतून) न्या. मध्ये उघडी ठेवली तर अडचणीत हाताला सापडते हे खरं, पण आपली तांबडी माती बॉटम ब्रॅकेटखालच्या (पेडलच्या आसाखालच्या) गाईडमध्ये बसते आणि पावसाचं पाणी आऊटरच्या तोंडातून आत जाऊन मागच्या वळणात साचतं. इनर, म्हणजे आतली वायर, स्टेनलेसचीच. गिअरचं आऊटर ब्रेकला कधीही वापरू नका. त्यातल्या तारा लांबीनं उभ्या असतात, जोरात ब्रेक दाबला तर फाटून उघडतं. वायर उघडीच ठेवायची असेल तर उजव्या शिफ्टरचं आऊटर डोक्याच्या नळीला वळसा घालून डाव्या स्टॉपवर (फ्रेमवर आऊटर जिथं टेकतं तिथं) आणा, डाव्याचं उजव्या, आणि डाऊनट्यूबखाली दोन्ही वायरी एकमेकींना छेदून जाऊ द्या. वळण सौम्य होतं आणि पेंटही घासत नाही.

डिरेलर जुन्या एमटीबीचा असेल तरी चालेल, शिमॅनोचं ९ स्पीडपर्यंत मागचं वायर ओढण्याचं माप रोड आणि एमटीबीला एकच आहे. पुढच्या डिरेलरचं तसं नाही, पण बार-एंडची पुढची बाजू फ्रिक्शनच असते, त्यामुळं भागतं. व्ही-ब्रेक असतील तर मात्र साधे ड्रॉपबार लिव्हर पुरत नाहीत, मिनी-व्ही (छोट्या बाह्यांचे व्ही-ब्रेक) बघा.

एक राहिलं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवरून, बाजारातल्या गर्दीतून रोज जाणार असाल तर ब्रेकवर हात ठेवून गिअर टाकता येणं मोठी सोय आहे, तेव्हा एसटीआयला मी नाही म्हणणार नाही. ८ स्पीडमध्ये शिमॅनोच्या क्लॅरिसचा जुना, गिअरची वायर बाजूला बाहेर काढणारा लिव्हर चांगल्या अवस्थेत मिळाला तर तो घ्या, त्यात वायर कमी तुटते. पुढं बॅग लावली तर त्या वायरी तिला अडतात, हे लक्षात ठेवा. बार-एंडही उभं राहून वळताना गुडघ्याला लागतो आणि सायकल पडली की आधी तोच आपटतो.

आऊटर कापण्याआधी हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवून लांबी बघा. पकडीनं कापू नका, तोंड चेपतं. उद्यमबागच्या कारखान्यांत कुणाकडंही ग्राइंडर असतो, त्यावर तोंड सपाट करून घ्या, आतलं प्लॅस्टिक वितळलं असेल तर दाभणानं मोकळं करा आणि मगच टोपी बसवा.