डाउनहिलसाठी एल्बो पॅड : लेव्हलच्या आधी माप पाहा

आपला प्रश्न असा आहे : "मी अकोल्याला राहतो. चिखलदऱ्याच्या बाजूच्या टेकड्यांवर डाउनहिल माउंटन बायकिंग सुरू केले आहे. एल्बो पॅड कडक कवचाचे घ्यावे की मऊ, आणि लेव्हल १ पुरेल की लेव्हल २ च घ्यावे?"

आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी, म्हणजे पॅडचा प्रकार आणि आघात झेलण्याचा त्याचा दर्जा (लेव्हल, २ ही वरची), महत्त्वाच्या आहेत, परंतु त्या दोन्हींच्या आधी येणारी गोष्ट आपल्या प्रश्नात नाही आणि ती नाही म्हणूनच मी हे उत्तर लिहायला बसलो आहे. ती गोष्ट म्हणजे माप. जमिनीला हात लागण्याच्या क्षणी जे पॅड कोपरावर नसते, त्याच्या लेबलवर लेव्हल १ लिहिलेले असो की लेव्हल २, त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. मला हे ठाऊक होण्यासाठी उजव्या कोपराची कातडी आणि शाळेचे एकोणीस दिवस खर्ची पडले.

मी अचलपूर तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे. आमच्या वावराच्या धुऱ्यापासून पाऊण किलोमीटरवर गाविलगड डोंगररांगेची पहिली टेकडी सुरू होते. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून दक्षिणेकडे, पूर्णेच्या मैदानाच्या दिशेने, हे डोंगर फार लवकर उतरतात, त्यामुळे आमच्याकडच्या गुरांच्या वाटादेखील चांगल्याच तीव्र उताराच्या आहेत. दगड काळा, बेसॉल्टचा. पावसाळ्यात वाटेवरची माती वाहून जाते आणि दिवाळीनंतर वर उरतो तो सुटा मुरूम व बोराएवढी खडी. खळ्यात सांडलेल्या ज्वारीवर पाय ठेवल्यावर जसा सटकतो, तसे त्या खडीवर चाक सटकते. डाउनहिलच्या चित्रफितींमध्ये आपण जी ओलसर, तपकिरी, चाकाला धरून ठेवणारी जंगलातील माती पाहतो, तिच्यासाठी दिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

माझे पहिले पॅड मी २०२२ च्या दसऱ्याच्या सुमारास मागवले. माझा मावसभाऊ पुण्याला असतो आणि माझ्या आधीपासून सह्याद्रीत सायकल चालवतो, म्हणून मी त्याला विचारले. त्याने दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या : लेव्हल २ च घे, आणि तुमच्याकडे ऊन फार असते म्हणून एक माप मोठे घे, म्हणजे आत हवा खेळेल आणि हात आखडणार नाही. माझ्या दंडाचे माप २७ सेंटीमीटर होते. पॅडसोबतच्या तक्त्याप्रमाणे मला मधले माप येत होते, तरी मी त्याच्या सांगण्यावरून मोठे घेतले. घरी घालून पाहिले तेव्हा ते अगदी आरामशीर वाटले. आरामशीर वाटणे हीच धोक्याची खूण होती, परंतु तेव्हा ते मला कळले नाही.

नोव्हेंबरमधील एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी टेकडीवर गेलो. गावात कापसाची वेचणी जोरात होती आणि वडिलांनी संध्याकाळी वजनकाट्यावर थांबायला सांगितले होते, त्यामुळे एकच फेरी मारून परतायचे असे ठरवले होते. सायकल खांद्यावर घेऊन चढताना दोन्ही हात घामाने थबथबले आणि वाटेतील फफुटा पॅडच्या आतल्या काठावर चिकटत गेला. या काठाला सिलिकॉनची पट्टी असते आणि कोरड्या, स्वच्छ कातडीला ती छान धरते. घाम आणि बारीक धूळ यांचा चिखल झाला की तिची पकड सुटते. उतरताना हँडल सतत हादरते, आणि प्रत्येक हादऱ्यासोबत सैल पॅड केसभर खाली सरकते. हातमोजे, हेल्मेट आणि समोरची वाट यांतून आपल्याला ते जाणवतही नाही.

तिसऱ्या वळणावर, जिथे पळसाचे एक वठलेले झाड आहे, पुढचे चाक खडीवरून सटकले. मी उजव्या कुशीवर पडलो आणि पाच-सहा हात घसरत गेलो. उठून पाहिले तेव्हा पॅड मनगटाच्या बाजूला उतरून आतल्या अंगाला वळले होते आणि कोपराचे टोक पूर्ण उघडे होते. रक्त फारसे नव्हते, परंतु सोललेल्या जागेत मुरुमाचे कण रुतून बसले होते. घरी आल्यावर आईने जखमेकडे पाहिले, मग पॅडकडे पाहिले आणि विचारले, "हे कोपरावर बांधाचं असते ना बापू, मंग मनगटापाशी काहून आलं?" या विषयावर मी पुढे जे काही वाचले, त्यात याहून नेमका प्रश्न मला सापडला नाही.

जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आणि प्रकरण मिटले असे समजलो. पाचव्या दिवशी कोपर लाल होऊन लिंबाएवढे सुजले आणि ताप भरला. कोपराच्या टोकाशी हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांसाची गादी नसते. तेथे बर्सा नावाची एक चपटी पिशवी असते आणि तिच्यामुळे कातडी हाडावरून सहज सरकते. उघड्या जखमेतून जंतू त्या पिशवीत शिरले होते. डॉक्टरांनी सुईने पू काढला, प्रतिजैविके दिली आणि हात गळ्यात बांधून ठेवायला सांगितले. उजवा हात असल्यामुळे फळ्यावर लिहिता येईना, म्हणून शेवटी रजा टाकावी लागली, आणि ऐन वेचणीत वडिलांना काट्यावर एकट्याने उभे राहावे लागले. हाड मोडले नव्हते, फक्त कातडी सोलली होती, तरी एवढे झाले. म्हणूनच कोणी "थोडे खरचटते, त्यात काय" असे म्हटले की मला ते सहन होत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. लेव्हल म्हणजे काय, ते आधी नीट पाहा. सायकलच्या बहुतेक चांगल्या पॅडवर ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक छापलेले असते आणि ते मुळात मोटारसायकलस्वारांच्या हातापायांच्या संरक्षकांसाठी केलेले आहे. चाचणीत पॅड लोखंडी ऐरणीवर ठेवतात आणि ५ किलोचे वजन सुमारे १ मीटर उंचीवरून त्यावर सोडतात, म्हणजे ५० ज्यूलचा आघात करतात. पॅडमधून खाली पोहोचणारे बल सरासरीने ३५ किलोन्यूटनच्या आत राहिले तर लेव्हल १, आणि २० किलोन्यूटनच्या आत राहिले तर लेव्हल २. हा फरक मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही. परंतु ऐरणीला घाम येत नाही, ऐरण हादरत नाही आणि ऐरणीवरचे पॅड मनगटाकडे सरकत नाही. लेव्हल २ चा आकडा खरा ठरायचा असेल तर पॅड त्या ऐरणीवर होते तसेच कोपरावर असले पाहिजे. शिवाय लेव्हल २ ची पॅड बहुधा जाड आणि जड असतात, आणि जड वस्तू सैल असेल तर अधिक सरकते.

याच लेबलवर टी या अक्षरापुढे अधिकचे चिन्ह आहे का, तेही पाहा. ते असेल तर पॅडची चाचणी ४० अंश सेल्सिअसलाही झालेली असते. मऊ पॅडच्या गाभ्यात वापरले जाणारे डीथ्रीओसारखे (D3O) पदार्थ सावकाश वाकवले तर मऊ राहतात आणि एकदम आघात झाला तर कडक होतात, पण उष्णतेने ते अधिक मऊ पडतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. माझ्या मते आपल्या भागात टी+ चे लेव्हल १ हे टी+ नसलेल्या लेव्हल २ पेक्षा अधिक भरवशाचे आहे. पॅड उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नयेत, याचे कारणही हेच.

कडक की मऊ, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : मऊ गाभ्याचे, बाहीसारखे ओढून घालायचे, दर्शनी बाजूला घासण्याला टिकणारे जाड कापड असलेले आणि दंडावर किमान एक वेल्क्रोचा पट्टा असलेले पॅड घ्या. कडक प्लॅस्टिकचे कवच दगडावरून अडकून न राहता सरकते आणि मोठ्या, टोकदार दगडांच्या वाटेवर हा त्याचा खरा फायदा आहे. परंतु स्वस्त पॅडमध्ये ते कवच दोन पट्ट्यांवर लोंबकळत असते आणि घसरताना तेच पॅडला फिरवते. पट्टा नसलेली नुसती बाही हिवाळ्यात चालते. आपल्या उन्हाळ्यात तिच्यावर विसंबू नये. पॅड कोपराच्या टोकावर संपता कामा नये. करंगळीच्या रेषेतले जे हाड खाली जाते, त्यावरही ते चार बोटे उतरलेले असावे, कारण कुशीवर पडताना जमिनीला बहुधा तोच भाग लागतो.

माप असे घ्या. शिंप्याची फीत घेऊन, कोपर सायकलवर वाकते तितके वाकवून, कोपराच्या १० सेंटीमीटर वर दंडाचा आणि १० सेंटीमीटर खाली हाताचा घेर मोजा. कंपनीच्या तक्त्यात वेगळी जागा दाखवली असेल तर तिथे मोजा. मापे दोन आकारांच्या मधोमध आली तर लहान आकार घ्या. मावसभावाच्या सल्ल्याच्या नेमके उलट सांगतो आहे, हे मला माहीत आहे. बाहीचे लवचीक कापड काही धुण्यांनंतर सैलच होते, घट्ट कधी होत नाही. आत हवा खेळवायची असेल तर जाळीच्या कापडाचे पॅड शोधा, ढगळ पॅड घेऊ नका. पॅड आले की लेबल न काढता घरात घाला, हात पाण्याने ओले करा, कोपर वीस-तीस वेळा वाकवा आणि मग घरातील कोणालातरी पॅड मनगटाकडे ओढायला सांगा. दोन बोटांच्या ओढीने ते कोपरावरून उतरले तर परत पाठवा. जे दुकान माप बदलून देत नाही, त्याला कोपरापासून नमस्कार करावा.

काही गोष्टी मी आधीच लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहितो. घट्ट म्हणजे करकचून नव्हे. पट्टा फार आवळला तर लांब उतारावर हात भरून येतो, बोटांतली ताकद जाते आणि ब्रेक नीट दाबता येत नाही. हात टेकून पडल्यास मनगटाला, कोपराच्या आतल्या हाडाला किंवा गळपट्टीच्या हाडाला जो मार बसतो, त्यातून कोणतेही एल्बो पॅड वाचवत नाही. पैसे मोजकेच असतील तर हेल्मेटनंतर गुडघ्याचे पॅड आधी घ्या. सिलिकॉनची पट्टी प्रत्येक फेरीनंतर साबणाने पुसा. आणि चिखलदऱ्याच्या आसपास मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे, त्यामुळे वाट वनविभागाच्या हद्दीत जाते का, याची चौकशी करूनच उतरा.

मावसभावाचे म्हणणे अजूनही असे आहे की, मी वळणावर पुढचा ब्रेक दाबला म्हणून पडलो आणि त्यात पॅडचा काहीही संबंध नाही. मी ब्रेक दाबला हे खरे आहे आणि पडण्याचा सगळा दोष मी त्याच दिवशी स्वतःकडे घेतला. परंतु पॅड घालायचे ते पडू नये म्हणून नव्हे. ते पडल्यानंतरच्या त्या दीड-दोन सेकंदांसाठीच घालायचे असते आणि त्या दीड-दोन सेकंदांचा जाब पॅडला द्यावा लागतो. गेल्या दिवाळीत मावशीकडे सगळे जमलो असताना मी त्याच्या हातात त्याचेच पॅड घातले, तांब्याभर पाणी ओतले आणि ओढले. ते मनगटापर्यंत आले. त्याचे उत्तर असे होते की, पाणी आणि घाम सारखे नसतात. ते सारखे नसतात हे मलाही मान्य आहे, कारण आमच्याकडच्या घामात फफुटाही असतो.

माझे ते उजवे पॅड मी टाकलेले नाही. ते गोठ्याच्या दारामागे खुंटीला लटकवलेले आहे. त्याची आतल्या बाजूची शिवण थोडी उसवली आहे, पण जे दर्शनी कापड दगडावर घासले जावे म्हणून लावलेले असते, त्यावर एकही ओरखडा नाही. दुकानातून आले तेव्हा होते तितकेच ते आजही कोरे आहे.